पहिली-दुसरीच्या लेकरांना 'सुरक्षित स्पर्श' नेमका शिकवायचा कसा?

बालाघाट

राम राम मंडळी. बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातली द्विशिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी, पट ३४. वरून निरोप आलाय, या महिन्यात 'गुड टच, बॅड टच'चा तास घ्या आणि फोटो ग्रुपवर टाका. फोटोपुरतं करायचं म्हणलं तर वीस मिनिटांत होतंय. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, 'समजलं का?' विचारायचं, लेकरं 'होऽऽ' म्हणतात, झालं. तसं करायचं नाही म्हणून इथं विचारायलोय.

अडचणी अशा. आम्ही दोघंही शिक्षक पुरुष. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. दिवाळीच्या आगेमागे निम्म्या लेकरांचे आईबाप ऊसतोडीला जातात, लेकरं आजीजवळ राहतात. शरीराच्या भागांना कोणते शब्द वापरायचे तेच ठरत नाही. गावातले शब्द शिव्यांत मोडतात आणि पुस्तकातले लेकरांना कळत नाहीत. सगळ्यांत मोठी धास्ती म्हणजे, तासाला एखादं लेकरू उठून काही बोललं तर पुढं काय करायचं? किती तास, कोणत्या क्रमानं, काय बोलायचं, काय टाळायचं, जितकं बारीक सांगता येईल तितकं सांगा.

मांजराकाठ

सर, तुमचा शेवटचा प्रश्न पहिला घ्या. लेकरू बोललं तर काय करायचं हे ठरल्याशिवाय पहिला तास घेऊच नका. ऐकायला तयार नसलेल्या शाळेत 'सांगा, सांगा' शिकवणं म्हणजे लेकराला तोंडघशी पाडणं आहे.

आदल्या आठवड्यात एक कागद करा. त्यावर तुमच्या हद्दीचं पोलीस ठाणं, ११२, चाइल्ड हेल्पलाइन १०९८, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय यांचे नंबर लिहा. १०९८ फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. बाकीचे नंबर एकदा लावून बघा, कारण कार्यालयाचे नंबर बदलतात आणि भिंतीवरचे तक्ते बदलत नाहीत. कागद दोघांच्याही पाकिटात असू द्या. नंतर एक बाई शोधा. लेकरांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती प्रत्येक शाळेत असावी असा २०२२ चा शासन निर्णय आहे. समिती कागदावर असेलच, तिच्यातल्या एका ताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला पाचही तासांना वर्गात बसायला सांगा. त्यांनी शिकवायची गरज नाही. तास तुम्हीच घ्या. पुरुष शिक्षक हा विषय न लाजता बोलतो हे पोरांनी बघणं चांगलंच. पण एखाद्या मुलीला नंतर बोलायचं असेल तर समोर बाई असलेली बरी.

वेळ फार महत्त्वाची. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी नको. शेवटचा तास नको. दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा तर नकोच. मधल्या सुट्टीच्या अगोदरचा तास घ्या. ज्याला बोलायचंय ते लेकरू वर्गात बोलत नाही, सुट्टीत तुमच्या टेबलाभोवती घुटमळतं, उगाच खडू मागतं. शेवटच्या तासाला शिकवलं तर ते तसंच घरी जातं, आणि अडचण त्याच घरात असेल तर?

एकूण पाच तास, आठवड्याला एक, पंचवीस-तीस मिनिटांचा. पहिली-दुसरीला वीस मिनिटं शिकवणं आणि उरलेली गाणं किंवा खेळ. दोन-तीन महिन्यांनी एक उजळणी. एका दणक्यात दोन तास घेतले तर पुढच्या महिन्यात काहीही उरत नाही.

आता 'गुड टच, बॅड टच'बद्दल. ही नावं मला पटत नाहीत. त्यात आपण लेकराला म्हणतो की छान वाटलं तर चांगला, वाईट वाटलं तर वाईट. पण इंजेक्शन दुखतं, जखमेवरचं औषध झोंबतं, आजी उवा काढताना केस ओढते. हे सगळं 'बॅड' झालं. उलट त्रास देणारा माणूस सुरुवात गुदगुल्या, लाड, खाऊ अशीच करतो. त्यात वाईट वाटत नाही, ते 'गुड' झालं. सहा वर्षांच्या लेकराला भावना तोलता येत नाहीत, नियम मात्र पाठ होतो आणि लावताही येतो. म्हणून नियम शिकवा. मी वर्गासाठी तो असा मांडेन :

चड्डी-बनियननं झाकलेला भाग आणि तोंड माझं खासगी.
तिथं कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही.
कुणी आपल्या खासगी भागाला मला हात लावायला सांगायचं नाही.
कुणी मला उघड्या माणसांची चित्रं, व्हिडिओ दाखवायचे नाहीत.
धुवायला-पुसायला किंवा दुखतंय म्हणून मोठ्यांनी हात लावला तर चालतो, पण ते कधीच गुपित नसतं.

ओळी एवढ्याच. रोज परिपाठात म्हणून घेऊ नका, त्याचा पाढा होतो.

पहिला तास शरीराच्या नावांचा. दोन चार्टपेपरवर मुलगा आणि मुलगी, पुढून आणि मागून, चड्डी-बनियन घातलेली बाह्यरेषा आधीच घरून काढून आणा. लेकराला फरशीवर झोपवून खडूनं रेघ मारायची पद्धत इतर विषयांत गंमतीची असते, इथं ती अजिबात वापरू नका. त्यात शिक्षकाचा हात लेकराच्या पायांमधून फिरतो आणि तासाचा नियम पहिल्याच दिवशी मोडतो. डोक्यापासून पायापर्यंत एका दमात सगळी नावं घ्या. खासगी भागाशी आवाज हळू करू नका, थांबूही नका. लाल-हिरव्या टिकल्या चिकटवायचा प्रकार टाळा. लेकरं लाल म्हणजे घाण असं धरतात. 'घाण', 'शीऽऽ', 'लाज वाटत नाही का' हे शब्द त्या खोलीत बंद. हसतील, मिनिटभर हसू द्या.

दुसरा तास नियमाचा. आठ-दहा प्रसंग तोंडी सांगायचे आणि 'नियम मोडला का?' एवढंच विचारायचं. डॉक्टर आईसमोर पोट दाबून बघतात. आजी आंघोळ घालते. ताई वेणी ओढते (दुखलं, पण नियम मोडला का?). ओळखीचा दादा चॉकलेट देऊन चड्डीत हात घालतो. चुलती म्हणते, ये तुला मोबाइलवर एक दाखवते, कुणाला सांगू नको. यातले निम्मे प्रसंग ओळखीच्या माणसांचे हवेत. पोक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अपराधांच्या कायद्याखाली नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी लेकराच्या ओळखीचे असतात, असं राष्ट्रीय आकडेवारी दाखवते. तरी आपल्या चित्रांत तो नेहमी दाढीवाला, पोतं घेतलेला परका माणूस असतो. प्रसंगांत मुलगेही घ्या. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत, ज्या लेकरांनी लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. 'पोराला काय होतंय' हे गावभर ऐकू येतं.

तिसरा तास 'नाही म्हण, निघ, सांग' याचा. आवाजाचा सराव घ्यायचा, पण साध्या प्रसंगांवर : कुणी डबा ओढतोय, कुणी हात धरून शेताकडं चल म्हणतोय. मोठा माणूस नेहमी शिक्षकानंच व्हायचं, तेही तीन पावलं लांब उभं राहून. लेकराला त्रास देणाऱ्याची भूमिका कधीच द्यायची नाही आणि स्पर्शाचा प्रसंग तर वठवायचाच नाही. इथं एक वाक्य विसरलं की अख्खा तास उलटा बसतो : 'नाही म्हणता आलं नाही, पळता आलं नाही, तरी चूक तुझी नाही. तेव्हा नाही सांगितलं तर आज सांगितलं तरी चालतं.' भीतीनं लेकरू थिजतं, हात-पाय हलत नाहीत. 'चाव, ओरड, पळ' एवढंच शिकवलं तर थिजलेलं लेकरू मनात म्हणतं, मीच केलं नाही, आणि कायमचं गप्प बसतं.

चौथा तास गंमत आणि गुपित यांतला फरक. गंमत संपते आणि सगळे खूश होतात : ताईच्या वाढदिवसाला केक आणलाय, संध्याकाळपर्यंत सांगायचं नाही. गुपित संपतच नाही, आणि सांगितलं तर मार बसेल, आई मरेल, बाबा जेलात जातील अशी भीती त्याला चिकटलेली असते. भीतीचं गुपित ठेवायचं नाही. हा तास लेकरांना सगळ्यांत लवकर कळतो, फार ताणू नका.

पाचवा तास पाच बोटांचा. हाताचा पंजा कागदावर काढून प्रत्येक बोटावर एक मोठं माणूस, किमान दोन घराबाहेरची. एकानं ऐकलं नाही तर पुढच्या बोटाला सांगायचं, कुणीतरी ऐकेपर्यंत. नावं वर्गात मोठ्यानं वाचून घेऊ नका. एखाद्याचा पंजा रिकामा राहिला तर तो कागद बाजूला ठेवा, त्या लेकराशी सावकाश बोलायचंय.

खडू_फळा

वरचं सगळं मान्य, शब्दांबद्दल थोडं वेगळं सांगते. उदगीर-देगलूर पट्ट्यात एका वर्गात मराठी, दख्खनी, गोरमाटी (बंजारा बोली), कुठं कन्नड, कुठं तेलुगू घरं असतात. चार्ट एकच, पण घरचा शब्द पाच तऱ्हेचा. आधी मोठ्यांकडून घरचे शब्द गोळा करून वहीत लिहा. तांड्यावरची अंगणवाडी सेविका, उर्दू शाळेच्या बाई, कुणीही सांगेल. दुभाषा म्हणून चौथीतल्या पोरीला उभं करू नका.

वर्गात मात्र प्रत्येक भागाचं एक नाव सगळ्यांना सारखं हवं. पहिलीला 'शूची जागा, शीची जागा, छाती, कुल्ले' चालतं असं बरेच जण म्हणतात. चालतं, पण मी तिथं थांबणार नाही. त्याच चार्टवर 'शिश्न, योनी, गुदद्वार' एकदा म्हणून दाखवायचं, 'डॉक्टर असं म्हणतात' एवढ्यावर. दुसरीपासून दोन्ही शब्द सोबत. कारण साधं आहे. लाडाच्या नावांनी लेकराचं बोलणं वाया जातं. 'काका माझी चिमणी पकडतो' असं पोरगी म्हणाली तर ऐकणारी आजी हसेल आणि म्हणेल, पकडू दे की. पुढं जबाबात सुद्धा कोणता भाग ते कळायला हवं.

शिवीतला शब्द एखाद्यानं म्हटलाच तर रागवायचं नाही. 'हो, काहीजण तसं म्हणतात, आपण वर्गात हा शब्द वापरू' आणि पुढं. ज्या लेकराला रागावलात ते पुन्हा त्या जागेबद्दल तोंड उघडणार नाही.

दिव्यांग लेकरू वर्गात असेल तर 'धुवायला-पुसायला चालतं' ही ओळ त्याच्यासाठी उघडी सोडू नका. कोण मदत करणार ती एक-दोन माणसं नावानिशी ठरवा, बाकी कुणी नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांना खासगी भागांच्या आणि 'नाही'च्या खुणा आधी शिकवा. या मुलांना तासातून वगळणं ही नेहमीची चूक आहे.

तालुका_कोर्ट

कायद्यापुरतं लिहितो.

लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक, मुलगा असो की मुलगी. कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे किंवा घडेल अशी धास्ती आहे, त्या प्रत्येकानं स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं आहे. 'मुख्याध्यापकांना सांगितलं' म्हणून शिक्षक मोकळा होत नाही. 'केंद्रप्रमुखांना पत्र दिलं' म्हणून मुख्याध्यापकही नाही. खात्याला कळवणं वेगळं आणि पोलिसांना कळवणं वेगळं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपत असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेनं दिलेली माहिती पुढं सिद्ध झाली नाही तरी माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, तेही कलम १९ मध्येच आहे. म्हणून खरं-खोटं ठरवायला शाळेनं चौकशी समिती बसवायची नाही. ते पोलिसांचं काम.

लेकरू बोलायला लागलं तर :

वर्गात सगळ्यांसमोर सुरू झालं तर मध्येच हळूच थांबवा : 'हे फार महत्त्वाचं आहे, मला सगळं ऐकायचंय, सुट्टीत आपण दोघं आणि ताई बोलू.' आणि त्याच दिवशी, त्याच सुट्टीत बोला. उद्यावर टाकलं तर लेकरू बंद होतं.

ऐकताना प्रश्न दोनच : 'काय झालं ते सांग' आणि 'आणखी काय झालं?' 'मामानं हात लावला का?' असं नाव तोंडात घालायचं नाही. 'का गेलीस? आधी का नाही सांगितलंस?' हे तर नाहीच. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, पाळता येणार नाही. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, आता मदत करणाऱ्या लोकांना मला सांगावं लागेल' एवढं बोला. लेकराचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत लिहा. तारीख, वेळ, कोण हजर होतं, सही. सुधारलेल्या मराठीत लिहू नका. आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. एकदा गुरुजींना, मग मुख्याध्यापकांना, मग समितीला, मग सरपंचांना असं झालं की पाचव्या वेळी लेकरू 'काही झालंच नाही' म्हणतं.

ज्याच्यावर बोट आहे त्याला बोलावून विचारू नका. संशय घरातल्याच माणसावर असेल तर आधी घरी फोन न करता पोलिसांना आणि बाल कल्याण समितीला कळवा. पोलिसांनी चोवीस तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला माहिती द्यायची असते. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे बदललेच तर कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. उपचारासाठी गुन्हा नोंदवल्याचा कागद आधी मागता येत नाही, सरकारी असो की खासगी, दवाखान्यानं फुकट उपचार द्यायचे असतात. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. काही औषधं ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगाची, म्हणून 'सोमवारी बघू' चालत नाही.

जबाब लेकराच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा. लेकराला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हद्दीचा वाद निघाला तर सांगा की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते, मग ती योग्य ठाण्याकडं जाते. कारखान्यावर घडलं आणि लेकरू गावी परत आलं, अशा वेळी हे कामी येतं. आणि गावात बसून 'मिटवून टाकू' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की हा गुन्हा मिटवायचा अधिकार ना पालकांना आहे ना पंचांना.

लेकराचं नाव, गाव, शाळा, फोटो, काहीही ग्रुपवर जाता कामा नये.

बालाघाट

फार कामाचं आहे हे. दोन शंका राहिल्या. पालकसभेला आजी-आजोबा येतच नाहीत, आणि जे येतात त्यांतला एखादा म्हणणारच, 'लेकरांना नको ते शिकवायलेत'. दुसरं, शेजारच्या शाळेत हा तास झाल्यापासून धक्का लागला तरी 'गुर्जी, यानं मला बॅड टच केला' सुरू झालंय म्हणतात. त्याला काय करायचं?

तिफण

अंगणवाडीकडून लिहायलेय.

सभा शाळेच्या वेळेत ठेवली तर कुणी येणार नाही, कापूस वेचणीच्या दिवसांत तर नाहीच. संध्याकाळी दिवे लागल्यावर, देवळापुढं नाहीतर समाजमंदिरात, अर्धा तास. तांड्यावर वेगळी, वस्तीवर वेगळी. रेशन वाटपाच्या दिवशी रांगेत आज्ज्या बसलेल्याच असतात, तिथं दहा मिनिटं मिळाली तरी काम होतं. भाषण करू नका. जो चार्ट लेकरांना दाखवणार तोच त्यांना दाखवा, त्याच पाच ओळी वाचून दाखवा. 'नको ते' म्हणणाऱ्याला त्यात नको ते काय आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. बाळ कसं होतं, लग्न, यातलं काहीच त्यात नाही हे दिसलं की बहुतेक विरोध तिथंच बसतो.

आज्जीकडून दोनच गोष्टी मागा. पाहुण्याच्या मांडीवर बस, पापी दे, म्हणून लेकरावर जबरदस्ती करू नका. राम राम, जय भीम, सलाम, जय सेवालाल, जे घरात चालतं ते लांबूनही करता येतं. पाहुण्याचा मान तेवढ्यानं राहतो. आणि लेकरानं काही सांगितलं तर पहिली चापट त्याला मारू नका. हे दुसरं मागणं जरा ठासून सांगा, कारण 'कुणाला सांगू नको, आपली अब्रू जाईल' हे वाक्य बऱ्याचदा मायेनंच येतं.

पाच बोटांचा कागद वर्षातून दोनदा करावा लागतो. एकदा कोयते (ऊसतोडीच्या जोड्या) निघून गेल्यावर, एकदा उन्हाळ्यात माघारी आल्यावर. जूनमध्ये केलेल्या कागदावर आई आणि बाप ही दोन बोटं असतात, दिवाळीनंतर ती दोन्ही दीडशे कोस लांब, फोन उसाच्या फडात लागत नाही. मागं राहिलेल्या लेकरांच्या कागदावर गावात हजर असलेलीच माणसं हवीत. आजीला ऐकू कमी येत असेल, लवकर झोपत असेल, तर तिच्या जोडीला शेजारची एक बाई. हंगामी वसतिगृह असेल तर रात्री कोण कुठं झोपतं याची यादी, संडासाच्या वाटेवर दिवा, आणि मुलींकडं बाई राहते का, हे तुम्ही स्वतः रात्री जाऊन बघा.

जी लेकरं सोबत जातात त्यांना जायच्या आधीच्या आठवड्यात एक तास वेगळा द्या. पहाटे आईबाप फडात, लेकरू कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत), लहान भावंड त्याच्याच जिवावर. कोपीवर मागं राहणाऱ्या एखाद्या बाईचं नाव आईलाच विचारून बोटावर लिहायला लावा. मुकादमाचं, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराचं नाव आपण होऊन घालू नका. उचल (आगाऊ पैसे) त्याच्याकडून घेतलेली असते, त्याच्याविरुद्ध बोलायचं झालं तर तोच कसा ऐकणार? १०९८ पाठ करून घ्या. दहा, नऊ, आठ. दहापासून उलटं मोजायला लावलं की पोरं विसरत नाहीत. राज्याबाहेरच्या कारखान्यावरही तोच नंबर लागतो.

अंगणवाडीच्या वयाला, तीन ते सहाला, पाच तास वगैरे काही नको. धुताना, चड्डी बदलताना रोज विचारायचं, 'धुऊ का?' आणि लेकरू 'थांब' म्हणलं तर क्षणभर थांबायचं. हात लावताना विचारतात, एवढं त्या वयाला पुरे. आणि परसाकडं जाताना जोडीनं जायचं, हे पहिलीच्या पोरांना सुद्धा सांगा.

मांजराकाठ

चुगलीचं : ती येणारच, आणि एक-दोन आठवड्यांत ओसरते. दोन गोष्टी करा. 'बॅड टच' हा शब्दच वापरला नाही तर निम्मी कटकट कमी होते, कारण 'नियम मोडला' म्हणायला लेकराला नियम आठवावा लागतो. आणि प्रत्येक वेळी शांतपणे विचारा, 'कुठं लागलं?' खांद्याला असेल तर 'हा धक्का आहे, नियम मोडला नाही, पण धक्का मारू नये' म्हणून मिटवा. 'जा, बस खाली' म्हणू नका. गुर्जी ऐकतात का हे लेकरू छोट्या तक्रारीनं तपासून बघत असतं, मोठी तक्रार त्यानंतर येते.

बरोबरीच्या वयाच्या दोन लेकरांनी कुतूहलानं एकमेकांचं बघितलं तर डोंगर करू नका. नियम आठवून द्या आणि लक्ष ठेवा. पण वयात बरंच अंतर असेल, जबरदस्ती किंवा धमकी असेल, सांगूनही पुन्हा पुन्हा होत असेल, किंवा लहान लेकरू मोठ्यांच्या शरीरसंबंधाची हुबेहूब नक्कल करत असेल, तर ते कुतूहल नाही. तिथं वरच्या कागदातले फोन.

वर्गात 'तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का? हात वर करा' हे कधीही विचारू नका. चिठ्ठीवर लिहून घेणं सुद्धा नको.

तक्रारपेटी कार्यालयाच्या दारात, सगळ्यांच्या नजरेसमोर टांगलेली असते म्हणून रिकामी राहते. पाण्याच्या टाकीकडं जायच्या वाटेवर, पहिलीच्या हाताला पोचेल अशा उंचीवर लावा. पहिली-दुसरीला लिहिता येत नाही, म्हणून पेटीशेजारी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल : रडका चेहरा आणि हजेरी क्रमांक काढला तरी 'मला बोलायचंय' असा अर्थ ठरवून टाका. किल्ली तुम्हा दोघांपैकी कुणाकडं नको. सखी सावित्री समितीतल्या बाईंकडं द्या आणि दर आठवड्याला त्यांच्यासमोरच उघडा. तक्रार शिक्षकावरही असू शकते, हे धरूनच पेटी लावायची असते.

तुम्ही दोघं पुरुष आहात त्याबद्दल वेगळं काही नको. एखादं लेकरू एकटं बोलायला आलं तर दार उघडं, जागा अशी की बाहेरून दोघं दिसतील पण ऐकू जाणार नाही. ओसरीचा कोपरा चालतो. रडलं तर पाणी द्या, जवळ घ्यायच्या आधी विचारा.

फोटोचं : चार्टचा काढा, भिंतीवरच्या पाच ओळींचा काढा, पाठमोऱ्या वर्गाचाही चालेल. लेकरांचे चेहरे, पंजाचे कागद, हात वर केलेली मुलं असलं काही नको. वरून विचारलं तर सांगा की विषयच तसा आहे.

समजलं का ते बघायला पाचव्या तासानंतर आठवड्यानं, एकेकाला टेबलाजवळ बोलावून चार तोंडी प्रश्न. ओळखीच्या काकानं नियम मोडला तर चालेल का? डॉक्टरनं आईसमोर दुखणारी जागा बघितली तर? कुणी 'सांगू नको' म्हणलं तर काय करशील? पहिल्या माणसानं ऐकलं नाही तर? होय-नाही उत्तरावर समाधान मानू नका, 'मग काय करशील?' विचारा. बहुतेक वर्गांत पहिला आणि चौथा प्रश्न चुकतो. पहिला चुकला तर दुसरा तास परत, नवे प्रसंग घेऊन. चौथा चुकला तर पंजाचा कागद पुन्हा काढा, आणि या वेळी दोन नंबरच्या बोटावरच्या माणसाला तुम्ही स्वतः जाऊन सांगून या की तुमचं नाव लेकरानं लिहिलंय.